प्रिंटर सारखा ‘ऑफलाइन’ जातोय? घरच्या वायफायवर तो एकदाचा नीट जोडून घ्या

लक्षणं

प्रिंटर चालू आहे, शाई आहे, कागद आहे, कॉपीचं बटण दाबलं की झेरॉक्सही स्वच्छ निघते. फक्त कॉम्प्युटरवरून प्रिंट दिली की ‘ऑफलाइन’ असं येतं आणि काम रांगेत पडून राहतं. सोसायटीत आणि नातेवाइकांकडे हा एकच बिघाड मी वर्षानुवर्षं दुरुस्त करतोय. तो बहुतेक वेळा पुढच्यापैकी एका रूपात येतो:

– काल चालत होता, आज चालत नाही. मध्ये कुणी हातही लावलेला नाही.
– वीज जाऊन आली आणि तेव्हापासून प्रिंटर सापडत नाही.
– फायबरवाल्याने डबा (राउटर) बदलला किंवा घरात कुणी पासवर्ड बदलला. बाकी सगळं जोडलं गेलं, प्रिंटर तेवढा राहिला.
– फोनवरून प्रिंट निघते, लॅपटॉपवरून निघत नाही. किंवा उलट.
– नवा प्रिंटर आणला, पण त्याच्या यादीत आपल्या वायफायचं नावच दिसत नाही.
– नाव दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही.
– बंद करून चालू केला की थोडे दिवस चालतो, मग ये रे माझ्या मागल्या.
– कॉम्प्युटरच्या यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतात, एकापुढे ‘कॉपी १’ लिहिलेलं.

ड्रायव्हर काढून टाकायची घाई नको

बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. प्रिंटर काढून टाकायचा, ड्रायव्हर (कॉम्प्युटरमधलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने उतरवायचा, तासभर घालवायचा. आणि प्रिंटर खरोखरच चालू होतो, म्हणून ड्रायव्हरच बिघडला होता अशी सगळ्यांची खात्री पटते. काही दिवसांनी पुन्हा तेच. घडलेलं असतं ते वेगळंच: नव्याने बसवताना कॉम्प्युटर प्रिंटरला पुन्हा शोधतो आणि त्याचा नेटवर्कवरचा आजचा पत्ता लिहून घेतो. ड्रायव्हरला काहीही झालेलं नसतं, जुना पत्ता तेवढा चुकलेला असतो. तो पुन्हा बदलला की प्रिंटर पुन्हा हरवतो.

‘ऑफलाइन’ हा कॉम्प्युटरने बांधलेला अंदाज आहे. त्याने हाक मारली, उत्तर आलं नाही, एवढंच त्याला माहीत असतं. उत्तर न येण्याची कारणं तीन ठिकाणी असू शकतात. प्रिंटर वायफायवर पोचलेलाच नसतो, किंवा पोचलेला असतो पण राउटर दोघांची गाठ पडू देत नाही, किंवा सगळं ठीक असून कॉम्प्युटर चुकीच्या ठिकाणी हाक मारत असतो. म्हणून आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ठरवायचं आणि मग हात घालायचा. खालच्या तपासण्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत, फुकटच्या आणि सोप्या आधी.

पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी

आधी राउटर, मग प्रिंटर. फायबरचा डबा सुरू होऊन वायफाय द्यायला दोन-तीन मिनिटं घेतो. प्रिंटर त्याच्या आधी तयार होतो, वायफाय शोधतो, ते मिळत नाही, आणि काही प्रिंटर त्यानंतर पुन्हा शोधायचा प्रयत्नच करत नाहीत. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज जाते, आणि मला ‘प्रिंटर गेला’ म्हणून फोन येतात तेही गुरुवारी संध्याकाळी. उपाय सोपा आहे. प्रिंटर बंद करा, राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या, फोनवर इंटरनेट चालतंय ना बघा, आणि मगच प्रिंटर चालू करा. वीज सारखी जात असेल तर राउटरसाठी छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घेणं उत्तम. राउटर बंदच पडला नाही तर हा प्रकार उरतच नाही. लेझर प्रिंटर मात्र घरच्या यूपीएसवर लावू नका. त्यातला शाई भाजणारा हीटर तापताना एकदम एवढी वीज ओढतो की छोटा यूपीएस ओव्हरलोड होऊन बंद पडतो. इंकटँकला ही अडचण नाही.

प्रिंटरला वायफाय आहे ना? प्रश्न बाळबोध वाटेल, पण विचारावा लागतो. एप्सनचे एल३२१० आणि एल३२५० शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात, पण पहिला फक्त केबलवर चालतो आणि दुसऱ्याला वायफाय आहे. कॅननमध्ये जी२०१० केबलचा, जी३०१० वायफायचा. अनेक ऑफिसांत आणि दुकानांत वर्षानुवर्षं चालणारा एचपीचा एम१००५ हाही केबलवरचाच. नसलेलं वायफाय कुठल्याच सेटिंगने उगवत नाही. अशा प्रिंटरला केबल लावा आणि निश्चिंत व्हा.

केबल लावलीच असेल तर दोन गोष्टी बघा. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको, त्यापुढे भरवसा राहत नाही. आणि ती कॉम्प्युटरच्या नेहमीच्याच खाचेत लावा. दुसऱ्या खाचेत लावली की विंडोज पुष्कळदा त्याच प्रिंटरला नवा समजतं आणि ‘कॉपी १’ तयार करतं. तुम्ही जुन्याच नावावर प्रिंट देत राहता आणि ते नाव कायम ऑफलाइन दिसतं.

लॅपटॉप आणि प्रिंटर एकाच वायफायवर हवेत. लॅपटॉप चुकून फोनच्या हॉटस्पॉटवर राहिलेला असतो, किंवा फोन मोबाइल डेटावर असतो. ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) चालू असेल तर तो बंद करून बघा. बरेच व्हीपीएन सुरक्षेसाठी घरातल्या इतर यंत्रांशी बोलणंच अडवतात. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत मी आता हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारतो.

प्रिंटची रांग उघडा. वर एखादं अडकलेलं काम असेल तर ते रद्द करा, मागची सगळी त्याच्यामुळेच खोळंबलेली असतात. छपाई ‘पॉज’ तर झालेली नाही ना, तेही बघा. विंडोज १० मध्ये त्याच खिडकीच्या ‘प्रिंटर’ मेनूत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’ असा पर्याय असतो. त्यापुढे खूण असेल तर काढा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं या एका खुणेपायी किती घरांत झालेलं मी पाहिलंय.

मग डीफॉल्ट प्रिंटर. विंडोजच्या प्रिंटरांच्या यादीखाली ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ हा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. तो चालू असताना शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप डीफॉल्ट होतो. काल पीडीएफ केली असेल तर आज तुमची प्रिंटही पीडीएफ व्हायला जाते.

प्रिंटरकडूनच नेटवर्कचं पान छापून घ्या

एवढं करून भागलं नाही तर अंदाज बांधणं थांबवायचं. जवळजवळ प्रत्येक वायफाय प्रिंटर आपल्या नेटवर्कची माहिती छापून देतो. पडदा असेल तर सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली ‘रिपोर्ट’ किंवा ‘स्टेटस शीट’ असा पर्याय मिळेल. पडदा नसेल तर वायफायचं किंवा ‘आय’चं बटण, किंवा दोन्ही मिळून, दाबून धरावं लागतं. नेमकं कुठलं ते माहितीपुस्तिकेत असतं. हे पान काढल्याशिवाय मी कुणाच्या प्रिंटरला हात लावत नाही.

पानावर बरंच काही असतं, त्यातल्या तीन-चार ओळीच कामाच्या. ‘एसएसआयडी’पुढे प्रिंटर ज्या वायफायवर आहे, किंवा ज्याला शोधतोय, त्याचं नाव असतं. ‘सिग्नल’पुढे चांगला की कमकुवत ते कळतं. ‘मॅक अ‍ॅड्रेस’ म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख; त्यापुढे दोन-दोनच्या जोड्यांत बारा अंक-अक्षरं असतात, ती पुढे लागतील. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘आयपी अ‍ॅड्रेस’ची, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याची.

आयपीपुढे शून्यं किंवा काहीच नसेल तर प्रिंटर वायफायवर पोचलेला नाही. आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि प्रिंटरने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धरलाय. राउटर बंद-चालू करून हे पुष्कळदा सुटतं. १९२.१६८.१.१५ असा काही आकडा असेल तर प्रिंटर व्यवस्थित जोडलेला आहे.

आता तोच आकडा कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाका. अंक इंग्रजी कीबोर्डवरचेच टाका आणि मधली टिंबं विसरू नका. प्रिंटरचं स्वतःचं एक साधंसं पान उघडायला हवं: त्याचं नाव, शाईची पातळी, सेटिंग्ज. ‘सुरक्षित नाही’ असा इशारा आला तरी घाबरू नका. पत्ता तुमच्याच घरातला आणि छापील पानावरचाच असेल तर पुढे जायला हरकत नाही.

पान उघडलं तर प्रिंटर ठीक आहे, वायफाय ठीक आहे, चूक कॉम्प्युटरमध्ये आहे. खालचं ‘पत्ता पक्का करा’ तेवढं उरकून सरळ ‘कॉम्प्युटरची बाजू’ इथे जा. पान उघडलं नाही तर तेच फोनवर उघडून बघा. फोनवर उघडतंय आणि लॅपटॉपवर नाही, तर दोष लॅपटॉपचा. दोन्हीकडे उघडत नसेल तर नेटवर्क तपासायचं आणि ड्रायव्हरला बोटही लावायचं नाही. या एका तपासणीने निम्मं काम संपतं आणि तिला एक कागद लागतो.

नेटवर्कची बाजू

नाव किंवा पासवर्ड बदललाय. फायबरचा डबा बदलून गेला की घरात हेच होतं. आमच्याच जिन्यातल्या एक काकू घरी शिकवण्या घेतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्नपत्रिका छापतात. डबा बदलला, फोन आणि टीव्ही त्यांच्या मुलाने जोडून दिले, प्रिंटर राहिला. त्यांच्या पानावर एसएसआयडीपुढे अजून जुन्या वायफायचं नाव होतं. प्रिंटर घरात नसलेल्या वायफायला शोधत बसला होता. अशा वेळी प्रत्येक यंत्रात नवा पासवर्ड भरत बसण्यापेक्षा उलटं करा. नव्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. लहान-मोठी अक्षरं, मोकळ्या जागा, सगळं हुबेहूब, आणि सुरक्षेचा प्रकारही आधीचाच. जुना पासवर्ड चारचौघांना माहीत झालेला नसेल तरच हे करा. प्रिंटर, टीव्ही, कॅमेरा, सगळे मुकाट्याने आपापले जोडले जातात. काकूंचा प्रिंटर चहा होईस्तोवर चालू झाला होता.

नवीन नाव ठेवायचंच असेल तर ते साध्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांत ठेवा. देवनागरी नाव किंवा इमोजी फोनवर छान दिसतात, पण प्रिंटरच्या छोट्या पडद्याला ते पेलत नाही.

वायफायचं नावच दिसत नाही. घरगुती प्रिंटरांपैकी पुष्कळांना फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ऐकू येतं, ५ गिगाहर्ट्झचं नाही. आजकालचे राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली देतात. बहुतेक वेळा प्रिंटर त्यातून आपला पट्टा शोधून घेतो. पण जोडणी फोनच्या अ‍ॅपमधून करत असाल तर फोन असतो ५ वर, प्रिंटर असतो २.४ वर, आणि अ‍ॅप गोंधळतं. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ तात्पुरतं बंद करा, प्रिंटर जोडा, मग पुन्हा चालू करा. एकदा जोडला गेला की त्याला त्रास होत नाही. राउटरमध्ये शिरायचं नसेल तर फोन घेऊन राउटरपासून लांबच्या खोलीत जा. ५ गिगाहर्ट्झ भिंतींपुढे लवकर थकतं, त्यामुळे फोन बहुधा आपणहून २.४ वर येतो. जोडणी तिथूनच करा.

अमेरिकेहून कुणी प्रिंटर आणला असेल तर आणखी एक गोष्ट. तिकडची यंत्रं बहुधा वायफायचे १ ते ११ चॅनेलच बघतात, आपल्याकडचा राउटर १२ किंवा १३ वरही जाऊ शकतो. राउटरमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ वर पक्का करून टाका. आणि असा प्रिंटर खोक्यातून काढल्यावर सगळ्यात आधी मागच्या पट्टीवरचं व्होल्टेज वाचा. फक्त ११०-१२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो घालायचाच नाही.

नाव दिसतं, पासवर्ड बरोबर, तरी नकार. राउटरमध्ये सुरक्षेचा प्रकार बघा. डब्ल्यूपीए३ हा प्रकार २०१८ मध्ये आला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही अनेक प्रिंटरांना तो समजत नाही. राउटर नुसत्या डब्ल्यूपीए३ वर असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र प्रकार निवडा. नवी यंत्रं नव्या पद्धतीने जोडली जातील आणि प्रिंटर जुन्या.

इथे मात्र मला ठामपणे सांगायचंय: प्रिंटर जोडला जात नाही म्हणून वायफायचा पासवर्ड काढून टाकू नका, आणि डब्ल्यूईपी या जुनाट प्रकारावरही जाऊ नका. ‘हे करा, लगेच जोडला जाईल’ असं सांगणारे भेटतात. जोडला जातोही. पण डब्ल्यूईपी कसं फोडायचं ते २००१ मध्येच जगजाहीर झालं, आणि त्याच वायफायवर तुमचं बँकेचं काम चालतं. प्रिंटर इतका जुना असेल की त्याला डब्ल्यूपीए२ सुद्धा येत नाही, तर त्याला केबल लावा. घराचं दार प्रिंटरसाठी उघडं टाकायचं नसतं.

पासवर्ड टाइप करणं जिकिरीचं असेल तर डब्ल्यूपीएसचं बटण वापरता येतं. राउटरवरचं दाबा आणि दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं. नुसत्या डब्ल्यूपीए३ वर ते चालत नाही. डब्ल्यूपीएसची पिनची पद्धत मात्र राउटरमध्ये बंदच ठेवा. आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते, आणि त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते, हे २०११ मध्येच उघड झालंय.

प्रिंटर पाहुण्यांच्या वायफायवर आहे. गेस्ट नेटवर्कचं कामच मुळी त्यावरच्या यंत्रांना घरातल्या बाकी यंत्रांपासून लांब ठेवणं हे असतं. तिथे जोडलेला प्रिंटर सिग्नल चांगला दाखवतो, इंटरनेटवरही असतो, आणि तरी लॅपटॉपला सापडत नाही. त्याला मुख्य वायफायवर आणा. मुख्य वायफायमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल तरी हेच होतं.

घरात दोन राउटर. फायबरवाल्याचा डबा हॉलमध्ये आणि वायफाय आतपर्यंत पोचत नाही म्हणून बेडरूममध्ये आपण घेतलेला दुसरा राउटर, ही मांडणी आता घरोघरी आहे. दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क काढतो. प्रिंटरचा आयपी १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि लॅपटॉपचा १९२.१६८.० ने, असं दिसलं तर कारण सापडलंच. हॉलमध्ये बसलं की प्रिंट निघते आणि आत गेलं की निघत नाही, ही तक्रार याचीच. दुसऱ्या राउटरमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ चालू करा, म्हणजे सगळं घर एका नेटवर्कवर येतं.

आणि प्रिंटरच्या मागे केबल लावायची लॅनची खाच असेल, राउटरही जवळ असेल, तर हे सगळं सोडून एक लॅन केबल लावा. वायफायच्या अर्ध्या अडचणी तिथेच संपतात.

पत्ता पक्का करा

‘थोडे दिवस चालतो, मग पुन्हा तेच’ या तक्रारीचं मूळ इथे आहे. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ता देतो, पण तो मुदतीवर असतो. प्रिंटर रात्रभर बंद राहिला, राउटर बंद-चालू झाला, की सकाळी प्रिंटरला पत्त्याचा शेवटचा आकडा १५ ऐवजी २३ मिळतो आणि १५ पाहुण्यांच्या फोनला जातो. कॉम्प्युटर प्रिंट पाठवत राहतो १५ वरच. भाडेकरू घर बदलून गेला आणि पत्रं जुन्याच घरी पडत राहिली, तसं हे. प्रिंटर, कॉम्प्युटर आणि राउटर तिघेही धडधाकट असतात आणि तरी प्रिंट निघत नाही.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे प्रिंटरचा पत्ता राउटरमध्ये राखून ठेवणं. ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या तळाशी चिकटवलेला असतो. आत लॅन किंवा डीएचसीपी या भागात ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’, ‘स्टॅटिक लीज’ किंवा ‘आयपी-मॅक बाइंडिंग’ अशा नावाची सोय असते. तिथे छापील पानावरचा मॅक अ‍ॅड्रेस टाका आणि त्यापुढे द्यायचा आयपी. बारा अक्षरांत एक जरी चुकलं तरी काहीही होत नाही आणि चूक दिसतही नाही, म्हणून कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही टाइप करा. जतन करून प्रिंटर बंद-चालू करा आणि नेटवर्कचं पान पुन्हा छापून आकडा जुळतोय ना बघा.

फायबरवाल्याच्या डब्यात ही सोय कुलूपबंद असेल तर पत्ता प्रिंटरमध्येच पक्का करता येतो. पण तो राउटर वाटत असलेल्या आकड्यांच्या बाहेरचा हवा. राउटर २ ते १९९ वाटत असेल तर प्रिंटरला २२० द्या. आतलाच दिलात तर कधीतरी तोच पत्ता दुसऱ्या यंत्रालाही मिळेल आणि दोघांचीही जोडणी तुटत राहील. विचारलं तर सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० भरा, आणि गेटवे म्हणजे राउटरचा पत्ता.

कॉम्प्युटरची बाजू

ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान उघडतंय आणि तरी ‘ऑफलाइन’ येतंय, त्यांच्यासाठी हा भाग. वर सांगितल्याप्रमाणे पत्ता पक्का केल्याशिवाय इथे येऊ नका, नाहीतर महिन्याभराने हेच पुन्हा करावं लागेल.

यादीत एकाच प्रिंटरची दोन-तीन नावं असतील तर जी ऑफलाइन आहेत ती काढून टाका. मग उरलेल्याच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मध्ये ‘पोर्ट्स’ हा कप्पा उघडा. खूण केलेल्या ओळीत ‘डब्ल्यूएसडी’ दिसलं तर तेच तपासायचं. विंडोज प्रिंटर आपोआप शोधतं तेव्हा पुष्कळदा हाच मार्ग लावतं. तो सोयीचा आहे, पण प्रिंटर झोपून उठला की विंडोजला तो हटकून पुन्हा सापडेलच असं नाही. ‘अ‍ॅड पोर्ट’ दाबा, ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ निवडा आणि राखून ठेवलेला आयपी द्या. आता कॉम्प्युटरला शोधाशोध करावी लागत नाही, तो नेमक्या पत्त्यावर जातो.

तरीही प्रिंट निघते आणि अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसतंच असेल, तर त्याच कप्प्यात ‘कॉन्फिगर पोर्ट’ उघडा आणि ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’समोरची खूण काढा. विंडोज या वाटेने प्रिंटरची तब्येत विचारत असतं. काही प्रिंटर या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत, आणि विंडोज चालत्या प्रिंटरला बंद समजतं. खूण काढल्याने छपाईला काही होत नाही.

रद्द केलेलं काम रांगेतून जातच नसेल तर स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) साफ करा. ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘प्रिंट स्पूलर’ थांबवा, सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरच्या आतल्या फाइली काढा आणि स्पूलर पुन्हा सुरू करा. आतल्या फाइली; फोल्डर नव्हे. सिस्टिम३२ मध्ये दुसरं काहीही हलवायचं नाही. तिथे हात कापत असेल तर कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही बंद-चालू करून बघा.

वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये घरचं नेटवर्क ‘पब्लिक’ लिहिलेलं असेल तर ‘प्रायव्हेट’ करा. पब्लिक असताना विंडोज आजूबाजूच्या यंत्रांपासून अंग चोरून राहतं. हे घरच्याच वायफायसाठी. कॅफेत आणि स्टेशनवर पब्लिकच ठेवा.

अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवर हे सगळं सोपं आहे. प्रिंटरांच्या यादीवर कंट्रोल दाबून क्लिक केलं की ‘रीसेट प्रिंटिंग सिस्टिम’ येतं. त्याने सगळेच प्रिंटर निघून जातात, मग आपला पुन्हा जोडायचा.

ड्रायव्हर काढून नवा टाकायचा तो आत्ता, सगळं झाल्यावर. आणि तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचा.

जोडला गेल्यावर

प्रिंटरच्या त्या ब्राउझरच्या पानाला पासवर्ड लावा. वायफाय डायरेक्ट (राउटरशिवाय थेट प्रिंटरला जोडायची सोय) वापरत नसाल तर बंद करा. राउटरमध्ये प्रिंटरसाठी ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ (बाहेरच्या इंटरनेटवरून प्रिंटरपर्यंत वाट उघडणं) कधीही करू नका. २०१८ मध्ये असे इंटरनेटवर उघडे पडलेले हजारो प्रिंटर शोधून एकाने त्यांवर आपला मजकूर छापून दाखवला होता, प्रिंटरवाल्यांना पत्ताही नव्हता. फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट जरूर करा, पण वीज जाण्याचा संभव असलेल्या दिवशी नाही. अर्ध्यात वीज गेली तर प्रिंटर पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते.

इथे थांबा

दोष नेमका कुणाचा हे ठरवायला शेवटची एक फुकटची तपासणी आहे. फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर चालू करा (आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी’) आणि प्रिंटर त्याला जोडून बघा. जोडला गेला तर प्रिंटर निर्दोष आहे. फायबरवाल्याला बोलवा आणि त्याला हीच गोष्ट सांगा, म्हणजे तो तुम्हाला प्रिंटर कंपनीकडे पिटाळणार नाही. हॉटस्पॉटलाही जोडला जात नसेल, वायफायचा दिवा मुळीच लागत नसेल, किंवा मेनूतून वायफायचा पर्यायच गायब झाला असेल, तर प्रिंटरचा वायफायचा भाग गेलेला असू शकतो. तो उघडून बघू नका. वॉरंटी असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. संपली असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, कारण यूएसबीने तो प्रिंटर अजून वर्षानुवर्षं चालू शकतो आणि केबल काही शे रुपयांत मिळते. जळका वास, ठिणगी किंवा स्विच पडणं यांपैकी काहीही झालं तर लगेच प्लग काढा. तिथे वायफायचा विचारही करायचा नाही.

सर्व्हिसचा नंबर खोक्यावरून, वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. ‘प्रिंटर ऑफलाइन हेल्पलाइन’ असं शोधल्यावर वर जे नंबर येतात त्यांत भामटे मिसळलेले असतात. ते अगदी गोड बोलतात, स्क्रीन बघायला एखादं अ‍ॅप टाकायला लावतात, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस दाखवतात आणि पैसे मागतात. प्रिंटर जोडायला कुणालाही तुमचा ओटीपी, कार्डाचा नंबर किंवा यूपीआय पिन लागत नाही. अ‍ॅप टाकून झालं असेल तर आधी इंटरनेट तोडा आणि अ‍ॅप काढून टाका. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवा. तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.